आक्रसणारी वलये

मित्रांनो, जिच्या अंगावरचा पहिला सेंटिमीटर घासून पुसट झाला आहे, त्या मोजपट्टीला कोणी जुनी म्हटले तर तिने वाद घालू नये. मी घालत नाही. वाद घालण्याजोगे दुसरे विषय माझ्यापाशी पुष्कळ आहेत, आणि त्यांतला एक तुमच्यापुढे मांडल्यावाचून मला स्वस्थ पडून राहता येणार नाही. मी पोलादाची आहे, जेमतेम वीतभर लांबीची. इतक्या लहान वस्तूने इतका मोठा थकवा सोसावा, याचे मलाही नवल वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ पत्र्यातून मला कापले, कडा घासल्या, आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. एका तपासनिसाने मला भिंगाखाली धरून निरखले आणि काही न बोलता चांगल्या पट्ट्यांच्या ढिगात टाकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी; तिच्यात एकही शब्द नव्हता.

पुढे एका सुताराने मला विकत घेतले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. डाव्या हाताची तर्जनी माझ्या पाठीवर दाबून ते उजव्या हाताने पेन्सिलीची रेघ ओढीत. ते बोट इतके नेमके पडे की लाकडावर मी कधी तसूभरही सरकले नाही. त्यांच्या बाकाच्या कोपऱ्याला माझ्या पहिल्या सेंटिमीटरचे रोज घर्षण होई, आणि तिथल्या रेघा हळूहळू पुसट होत गेल्या. त्याची तक्रार नाही. कामात झिजणे हे हत्याराला शोभतेच.

मिस्त्रींची एक रीत मात्र मला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले. कामातून उरलेली वस्तू ते कधी फेकीत नसत. एखादे कपाट पुरे झाले आणि चार स्क्रू उरले, तर ते चार स्क्रू आपापल्या मापाच्या कप्प्यात जात. त्यासाठी त्यांनी स्वतः एक लाकडी पेटी केली होती. एकदा त्यांची दाढ ठणकू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ठणका थांबला, आणि गोळ्या उरल्या. उरलेला स्क्रू जो माणूस फेकीत नाही, तो उरलेली गोळी कशी फेकील? ती पेटीच्या शेवटच्या कप्प्यात गेली. पुढे कोणाच्या खोकल्याच्या, कोणाच्या तापाच्या अशा रंगीबेरंगी गोळ्या तिथे गोळा झाल्या.

लाकडाला पॉलिश करणारा एक गृहस्थ त्याच जागेत काम करी. त्याला सगळे पॉलिशवाला म्हणत. तो एकदा गळ्याला मफलर गुंडाळून आला.

"मिस्त्री, घसा धरलाय. तुमच्या दवाखान्यात आहे का काही?"

"ती लाल-पांढरी घे. माझ्या दाढेला चालली, तुझ्या घशाला काय धाड भरलीय?"

"किती घेऊ?"

"दोन. बरं वाटलं की थांब. उगाच संपवू नकोस, पुढच्या वेळी लागतील."

"आणि फी?"

"तेवढ्या दाराला घासकागद मार."

पॉलिशवाला हसत म्हणाला, "एवढं औषधाचं कळतं तर वहिनींच्या लॅबमध्येच का नाही लागत तुम्ही?"

"तिला कळू देऊ नकोस हं. घरी मी पेशंट असतो. डॉक्टरकी काय ती इथेच चालते."

या वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. त्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या, आणि तिथे त्यांना सगळे ताई म्हणत. एक दिवस त्या कामावर जाता जाता दुकानात डोकावल्या. त्यांच्या लॅबमधल्या प्लास्टिकच्या पट्टीवरचे आकडे स्पिरिटने पुसून पुसून उडाले होते.

"अहो, ती तुमची छोटी पट्टी द्या ना."

"आज पट्टी मागतेस, उद्या करवत मागशील."

"करवत नको. मला मिलिमीटर हवेत."

मिस्त्रींनी मला फडक्याने पुसले, तेलाचे एक बोट फिरवले आणि ताईंच्या हातात ठेवले. "टोकापासून मोजू नकोस, तिथे घासलीय. एकच्या रेघेपासून मोज, आणि येईल त्यातून एक सेंटिमीटर वजा कर."

"माहीत आहे हो मला."

"माहीत असेल गं. पण घाईत हेच राहतं."

अशा रीतीने मी लाकडाच्या भुशातून उठून स्पिरिटच्या वासात आले. तिथले काम समजले तरच माझे दुःख समजेल, म्हणून ते सावकाश सांगते.

एखाद्याच्या जखमेत पू झाला की त्यातला थेंबभर पू प्रयोगशाळेत येई. त्यातले जंतू एका काचेच्या बशीत, खळीसारख्या घट्ट थरावर सारखे पसरले जात. मग निरनिराळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या इवल्या टिकल्या त्या थरावर अंतराअंतराने ठेवीत. बशी रात्रभर उबदार कपाटात राही. सकाळी पाहावे तो जंतूंची दाट साय सगळीकडे पसरलेली असे. पण जे औषध लागू पडे, त्याच्या टिकलीभोवती एक स्वच्छ गोल वलय उमटलेले दिसे. त्या वलयात एकही जंतू जगलेला नसे. ताई बशी पालथी करून काळ्या कापडावर ठेवीत आणि मला वलयाच्या मधोमध आडवी धरीत. वलय ठरलेल्या मापाहून मोठे असेल, तर ते औषध चालेल. लहान असेल, तर चालणार नाही. ताई एवढेच लिहीत, आणि तेवढ्यावर कोणाचा तरी ताप उतरे.

सुरुवातीची वलये काय ऐसपैस होती म्हणून सांगू. कधी कधी एक वलय दुसऱ्याला जाऊन भिडे. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी एकदा मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "पट्टी सुताराची आहे, पण प्रामाणिक आहे." ही माझी दुसरी शाबासकी. त्यानंतर मात्र कौतुक करावे असे फारसे काही माझ्याखाली आले नाही.

एका सकाळी स्वच्छ वलयाच्या आत ताईंना एक ठिपका दिसला. आजूबाजूला सगळे मेले होते, आणि हा एकटा औषधाच्या अंगणात खुशाल उगवला होता. त्या दिवशी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या काही मुली लॅब पाहायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारले, "म्हणजे हे जंतू औषधाला तोंड द्यायला शिकले?"

"कुणी काही शिकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "जंतूचे एकाचे दोन होतात, दोनाचे चार. प्रत्येक वेळी आतल्या मजकुराची नक्कल उतरवावी लागते. लाखोंनी नकला उतरवल्या की कुठेतरी चूक होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी चूक मात्र अशी निघते की तिच्यामुळे औषध लागू होत नाही. हा ठिपका त्या चुकीचा वंश."

"चूक औषधामुळे होते का, मॅडम?"

"चूक आपोआप होते. औषध फक्त बाकीच्यांना मारतं आणि त्याला सगळं रान मोकळं करून देतं."

मला तत्काळ मिस्त्रींची चाळणी आठवली. भुसा चाळला की जाड कण वर राहतात. ते चाळणीने घडवलेले नसतात. ते आधीपासूनच भुशात असतात. पण पुन्हा पुन्हा चाळत राहिलात, आणि वर राहिलेलेच तेवढे जपलेत, तर शेवटी हाती सगळे जाडच येणार. जंतूंची गोष्ट तर याहून वाईट, कारण भुशाचे कण वाढत नाहीत, आणि हे दिवसाला पिढ्यांवर पिढ्या काढतात. शिवाय कित्येक जंतू आपली ही युक्ती शेजारच्या परक्या जंतूलाही देतात, जशी एखाद्याने कुलपाच्या किल्लीची नक्कल शेजाऱ्याला द्यावी.

इथे मला एका समजुतीशी भांडायचे आहे. लोक म्हणतात, "अंगाला औषधाची सवय झाली." मित्रांनो, हे चूक आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. तुमच्या अंगाला सवय झालेली नसते. अंगातल्या जंतूंची निवड झालेली असते. सवय अंगाची असती, तर जो माणूस औषध क्वचितच घेतो तो सुखी राहिला असता. पण हे निवडलेले जंतू एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात, आणि ज्याने आयुष्यात ते औषध चाखले नाही त्याच्यावरही ते चालेनासे होते. दुसरे कोणी म्हणतात, "हल्ली औषधच पूर्वीसारखे राहिले नाही." तेही खरे नव्हे. टिकली तीच होती, पट्टी तीच होती. बदलले ते टिकलीभोवतीचे रान.

वर्षे गेली आणि वलये आक्रसत गेली. आधी जिथे ऐसपैस अंगण असे, तिथे पुढे अरुंद ओटी राहिली, आणि कित्येक टिकल्यांना तर साय अगदी काठापर्यंत येऊन भिडू लागली. ताई "चालेल" कमी लिहू लागल्या आणि "चालणार नाही" जास्त. सर्दीला जंतू मारण्याचे औषध मागणारे, दोन गोळ्यांत बरे वाटताच थांबणारे, कोंबड्या आजारी नसतानाही त्यांच्या पाण्यात औषध घालणारे, अशा सगळ्यांची कामगिरी माझ्या रेघांखाली येई. एखादे वलय पुन्हा रुंदावलेले मी क्वचितच पाहिले. मोजण्याचा कंटाळा पट्टीला येत नाही. पण एकच उतरती गोष्ट रोज मोजावी लागली की पोलादही शिणते.

आणि मग ती बशी आली.

तिच्यावर नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. पण तो क्रमांक ताईंनी स्वतःच्या हाताने घातला होता. मिस्त्रींच्या डाव्या तळहातात लाकूड कोरायची पटाशी घुसली होती. त्यांनी जखमेवर चिंधी बांधली आणि पेटीचा शेवटचा कप्पा उघडला. दोन गोळ्या घेतल्या, सूज उतरली, थांबले. सूज परत आली. दुसऱ्या रंगाच्या दोन घेतल्या. घरी विचारले तर "किरकोळ आहे" म्हणाले. जेव्हा तापाने त्यांचे दात वाजू लागले, तेव्हाच ताईंना चिंधी सोडून पाहू दिली. आता ते वरच्या मजल्यावर पडून होते. जंतू मारील असे औषध आज सुरू झाले नाही, तर हात मनगटापासून काढावा लागेल आणि तरीही जिवाची हमी नाही, असे शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले होते. हे सारे मी ताईंच्या तोंडून ऐकले. त्या मॅडमशी बोलत होत्या आणि बोलता बोलता मला स्पिरिटने पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"आपल्या माणसाची बशी आपण वाचू नये," मॅडम म्हणाल्या. "दे इकडे."

"नको मॅडम, मीच वाचते. नुसतं बसून राहिले तर मला वेड लागेल."

"बरं. मी समोर बसते."

ताईंनी बशी पालथी केली. पहिल्या टिकलीला वलय नव्हते. दुसरीला नव्हते. तिसरी आणि चौथी सायीत बुडून गेल्या होत्या. या चारांतल्या दोन तरी मी शेवटच्या कप्प्यात गोळ्यांच्या रूपात पाहिल्या असाव्यात असे मला वाटले. पण ते मी शपथेवर सांगणार नाही. पाचव्या टिकलीभोवती मात्र एक वलय होते. ते औषध साधे होते, सोसण्याजोगे होते. ताई बशीवर आणखी खाली वाकल्या. त्यांनी मला आडवी ठेवली; सवयीने एकची रेघ वलयाच्या एका काठाला लावली, दुसऱ्या काठावरचा आकडा वाचला, आणि लिहिले: एकवीस मिलिमीटर. पुढे लिहिले: चालेल.

मित्रांनो, वलय अकराचे होते. हाताने एकपासून मोजायचे लक्षात ठेवले होते. मनाने वजा करायचे राहून गेले होते. मोठे वलय पाहण्याची त्यांना इतकी आस होती की डोळ्यांपुढचे अरुंद वलय त्यांना अरुंद दिसलेच नाही. मी सारा जन्म सरळ राहिले. त्या क्षणी मात्र वाटले की वाकता आले असते तर बरे झाले असते, निदान काहीतरी बिघडले आहे एवढे तरी त्यांच्या ध्यानी आले असते. ताईंनी वॉर्डात कळवायला फोन उचलला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "पाचवं परत वाच."

"वाचलं ना मी. एकवीस."

"ऐकलं. कुठून कुठपर्यंत, ते सांग मला."

"एकपासून..." ताई म्हणाल्या, आणि थांबल्या. फोन त्यांनी हलकेच खाली ठेवला. "एकपासून," त्या पुन्हा म्हणाल्या, आता अगदी निराळ्या आवाजात. त्यांनी एकवीस खोडले, अकरा लिहिले, आणि "चालेल"च्या जागी "चालणार नाही" लिहिले. ते लिहिताना पेन इतके जोराने दाबले गेले की कागद फाटतो की काय असे वाटले.

"इतकी वर्षं हा हात हेच करतोय, मॅडम."

"हातानं बरोबरच केलं. घाई तुला झाली होती. सहावं राहिलंय."

सहावी टिकली कडेला होती. ते औषध फार क्वचित वापरीत, कारण ते मूत्रपिंडांना जड जाते आणि शिरेतूनच द्यावे लागते. तिच्याभोवती वलय होते. ताईंनी मोजले, मोठ्याने वजा केले, पुन्हा मोजले. मग मॅडमनी मोजले. ते पुरेसे मोठे होते. फोन झाला. त्यानंतर ताई स्टुलावर बसल्या, आणि मी त्यांच्या मुठीत ऊन होईपर्यंत तशीच राहिले.

मिस्त्री वाचले. हात राहिला. डावी तर्जनी वाकवणारा स्नायूचा दोर मात्र आतून सडून गेला होता. ते बोट पुन्हा वाकले नाही.

बरे झाल्यावर एक दिवस ते लॅबच्या दाराशी आले. काखेत पेटीतून काढलेला एक लाकडी कप्पा होता.

"हे काय आणलंत?"

"दवाखाना. बंद केला."

ताईंनी कप्पा काळ्या कापडावर रिता केला. लाल-पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या गोळ्या माझ्या भोवती पसरल्या. मिस्त्रींनी विचारले, "म्हणजे ह्यांच्यामुळेच झालं?"

"ह्यांच्यामुळेच, असं मी कशी लिहून देऊ? ते जंतू दुसऱ्या कुणाकडून आयतेही आले असतील. पण त्या दुसऱ्याकडेही असाच एक कप्पा असेल."

"तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस मला."

"बोलले असते. मग?"

मिस्त्रींनी ताठ बोटाकडे पाहिले. "मग काय. हे वाकलं असतं."

ताईंनी गोळ्या केरात टाकल्या नाहीत, की मोरीत सोडल्या नाहीत. कारण सांडपाण्यातही जंतू असतात आणि चाळणी तिथेही सुरू होते. इस्पितळाच्या औषधे जाळण्याच्या भट्टीकडे त्या गोळ्या रवाना झाल्या.

पुढे प्रयोगशाळेत वलयांचे छायाचित्र घेऊन आपोआप मोजणारे यंत्र आले. ते यंत्र चांगले आहे. ते वजाबाकी विसरत नाही. मी एका खणात पडून राहिले, कापूस आणि तुटक्या पेन्सिलींच्या सोबतीत. माझी आठवण कोणाला राहिली नाही, आणि खरे सांगायचे तर मला ती विश्रांती हवी होती. मग ताईंनी एकदा तो खण आवरायला काढला आणि मला परत दुकानात नेऊन दिले.

मी आले त्याच आठवड्यात पॉलिशवाला गळ्याशी हात धरून दारात उभा राहिला.

"मिस्त्री, घसा धरलाय."

मिस्त्रींनी शेवटचा कप्पा ओढून त्याच्यापुढे धरला. आत बिजागऱ्यांचे पितळी स्क्रू होते.

"अहो, दवाखाना कुठे गेला?"

"ज्या डॉक्टरला स्वतःचं बोट सांभाळता आलं नाही, त्याच्याकडे कोण येणार? चल, खऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो."

"साधा घसा आहे हो."

"साधा असेल तर तो गोळी देणार नाही. नाही दिली तर मागू नकोस. दिली तर सांगेल तितकी घे, सांगेल तितके दिवस घे, आणि माझ्यासाठी दोन राखून ठेवू नकोस."

पॉलिशवाल्याने एकदा स्क्रूंकडे आणि एकदा त्या बोटाकडे पाहिले, आणि चपला घातल्या.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. जंतू मारणारे औषध ही एकट्याची मालमत्ता नाही. ते सगळ्यांचे मिळून एकच अंगण आहे, आणि ज्याने त्याने गरज नसताना त्यात पाऊल टाकले की ते सगळ्यांसाठी लहान होते. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ते घेऊ नका, उरले म्हणून जपू नका, प्रेमाने दुसऱ्याला देऊ नका. तुमच्यापैकी कोणाची तरी बशी उद्या काळ्या कापडावर पालथी पडेल. तिच्यात एक तरी ऐसपैस वलय असावे, असे या थकल्या पट्टीला वाटते.

आता मिस्त्री फळीवर मला ठेवतात तेव्हा ते ताठ बोट माझ्या पाठीवर नीट बसत नाही. मी थोडी सरकते. ते मला पुन्हा जागेवर आणतात, एकच्या रेघेवर पेन्सिलीचे टोक टेकवतात, आकडा पाहतात. "एक वजा," असे मोठ्याने म्हणतात, आणि मगच रेघ ओढतात.